पुरुमेंत भरायचं कसं: महागाईत पावसाळ्याचं सामान, नारळाचा हिशेब आणि पाहुण्यांची पंगत

पुरुमेंत, म्हणजे आपल्या गोव्यात पावसाळ्याआधी भरून ठेवायचं घरसामान, म्हटलं की फ्लॅटमध्ये राहणारी मंडळी लगेच म्हणतात, कशाला हवं आता हे, पावसातही दुकानं उघडी असतात, ॲपवर ऑर्डर टाकली की सामान घरी येतं. खरंय, पूर्वी साकव पाण्याखाली जायचा आणि आठवडाभर बाजाराचं तोंड बघायला मिळायचं नाही म्हणून भरून ठेवायचे, तसं आता नाही. आता भरायचं ते दरासाठी. आपली बहुतेक भाजी बेळगावहून घाट उतरून येते, चोर्ल्यात दरड पडली की दुसऱ्या दिवशी टोमॅटोचा भाव ऐका, शिवाय मासेमारी बंद, शिवाय ऊन नाही म्हणजे घरी काही सुकवायची सोय नाही. म्हणजे चार महिने आपण दुकानदार सांगेल त्या भावाने घेणार. त्यातलं जेवढं आधी घेऊन ठेवता येतं तेवढं ठेवायचं, एवढंच.

पण एक आहे, पुरुमेंत म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी जाऊन एकदम सगळं उचलून आणणं नव्हे. त्या दिवशी सगळा गोवा बाजारात असतो, भाव त्यांच्या हातात.

आधी कागद घ्या, बाजार नंतर

घरात रोज जेवणारी माणसं किती, ते लिहा. मग आठवड्याचे वार लिहा आणि कुठल्या वारी शिवराक, म्हणजे मासळीशिवायचं जेवण, ते मांडा. सोमवार तर बहुतेकांचा असतोच, कुणाचा गुरुवार, कुणाकडे कुलदेवाचा अजून एखादा वार, आणि पुढे श्रावण. हे मांडल्याशिवाय सुकी मासळी किती लागणार ते कळतच नाही आणि मग ऑगस्टमध्ये डबा तसाच उरतो, वास सुटतो, टाकून द्यावा लागतो.

तांदळाचा हिशेब सोपा आहे, दोन्ही वेळा भात खाणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० ग्रॅम उकडे तांदूळ धरा, चार माणसांचे महिन्याला १८ किलो. रात्री चपाती असेल तर निम्मे. शेतात राबणारा माणूस घरात असेल तर हा आकडा विसरा आणि वाढवा. चार महिन्यांचे तांदूळ एकदम घेऊ नका हं, जागा नसेल तर किडे लागतात, दोन महिन्यांचे घ्या. कोरगुट तांदूळ मिळाला तर थोडा वेगळा घ्या पेजेसाठी, खाजन म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातला आहे, महाग पडतो, रोजच्या भाताला नको.

ज्या वस्तूचा जो महिना, त्या महिन्यात ती घ्या

चिंच फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी येते. तेव्हाच घ्यायची, बिया काढायच्या, मीठ लावून गोळे करून चिनी मातीच्या बरणीत. अळसांदेही (चवळीसारखं कडधान्य) तेव्हाचेच, वायंगणी शेतातले, आणि कुळीथही त्याच सुमारास बघून ठेवा. मिरची मार्च-एप्रिलमध्ये. इथे बरेच जण फक्त खोल्याची किंवा हरमलची मिरची पायजे म्हणून हट्ट धरतात, काणकोणच्या खोला मिरचीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून तर भाव विचारायलाच नको. माझं मत विचाराल तर रोजच्या हुमणाला (मासळीच्या नारळ घातलेल्या कालवणाला) ब्याडगी रंगासाठी आणि त्यात थोडी खोल्याची चवीसाठी, असं मिसळून पुरतं. मिरची देठासकट घ्या, कडक उन्हात वाळवा, मोडली की कट् असा आवाज आला पायजे, आणि अख्खीच ठेवा, दळून ठेवू नका, महिन्याला लागेल तेवढीच दळायची नाहीतर पावसात पूड दमट होऊन रंग जातो.

सोलां म्हणजे आमसुलं एप्रिल-मेमध्ये. घरी भिंडां, म्हणजे कोकमाची फळं, असतील तर सोन्याहून पिवळं, फोडून बिया-गर वेगळा काढायचा, मीठ घालून त्याचा रस ठेवायचा आणि साली उन्हात वाळवून परत त्या रसात बुडवायच्या, परत वाळवायच्या, असं तीन-चार वेळा. विकतची घेताना मूठभर हातात घेऊन दाबून बघा. वरून मिठाची पांढरी खर दिसत असेल तर तुम्ही सोलांच्या भावात मीठ विकत घेताय. चांगलं सोल काळपट, थोडं लवचीक, बोटाला जरा रंग लागतो. स्टीलच्या डब्यात ठेवू नका, आंबट आणि खारट दोन्ही आहे, काच किंवा चिनी मातीच. आगळाची एखादी बाटली पण ठेवा, सोलकढी झटपट होते.

कांदा मेमध्ये, माळ केलेला गावठी कांदा मिळाला तर तोच, माळ हवेशीर जागी टांगता येते आणि एक कुजला तर तो दिसतो. गोणीत कुजलेला कांदा दिसत नाही, वास आला की कळतं आणि तोपर्यंत शेजारचे पाच गेलेले असतात. बटाट्याशेजारी कांदा ठेवू नये, दोन्ही लवकर बिघडतात.

बाजार कुठला

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, बाणस्तारीचा गुरुवारचा, आणि दक्षिणेत मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या वेळी भरणारं पुरुमेंताचं फेस्त. फेस्ताला मजा म्हणून जरूर जा, खाजें घ्या, मातीची भांडी बघा, पण मुख्य खरेदी त्याच्या दोन-तीन आठवडे आधी आटपलेली बरी. भाजीसाठी फलोत्पादन महामंडळाचे गाडे आहेत, तिथे सवलतीचा दर असतो, सकाळी लवकर गेलात तर चांगला माल मिळतो. कडधान्यं, काजू, नारळ यासाठी गोवा बागायतदार सहकारी संस्थेच्या दुकानातला दर आधी बघून घ्या, मग बाहेर घासाघीस करायला एक आकडा तरी डोक्यात असतो.

वांट्यावर, म्हणजे ढिगावर, विकलं जातं तिथे वजन-बिजन काही नसतं, म्हणून एक छोटा हूकवाला काटा पिशवीत ठेवा. बायका हसतात, हसू दे.

नारळ, खरा खर्च हाच

लोक मासळी महाग झाली म्हणून ओरडतात पण आपल्या स्वयंपाकात रोज न चुकता फुटतो तो नारळ. २०२५ मध्ये मोठा नारळ चाळीस-पन्नासच्या घरात गेला तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. चार माणसांच्या घरात रोज एक फोडला तर जून ते सप्टेंबर साधारण १७ आठवड्यांत ११९ नारळ. आता असं करा, आठवड्यात तीन दिवस पूर्ण नारळाचं हुमण किंवा कालवण, दोन दिवस अर्ध्या नारळात भागणारं काही, आणि दोन दिवस नारळाशिवाय: कुळथाची पिठी, सोलांचं सार, वरण आणि मोहरीच्या फोडणीची भाजी. आठवड्याला चारच नारळ झाले, म्हणजे १७ आठवड्यांत ६८. वाचले ५१, आणि ४५ रुपये धरले तर २,२९५ रुपये. चवीत कुणाला फरक कळत नाही, कारण सोलांचं सार पावसात असंही छान लागतं.

घेताना असोले घ्या, म्हणजे सोललेले नकोत. असोला नारळ कोरड्या माळ्यावर महिनोन्महिने राहतो, सोललेला दमट हवेत लवकर जातो. सोललेलाच मिळाला तर शेंडी ठेवायला सांगा, डोळे झाकलेले राहतात. हातात जड लागला पायजे, कानाशी हलवला की पाणी वाजलं पायजे, डोळ्यांभोवती ओल किंवा पांढरी बुरशी असेल तर परत ठेवा. ज्यांच्याकडे माड आहेत त्यांना हे सांगायला नको, पण पाडेली मिळत नाहीत आणि पाडायला येणाऱ्याची मजुरी वाढलीय, त्यामुळे घरचा नारळ फुकट हा पण एक गैरसमजच आहे.

फ्लॅटवाल्यांनी काय करायचं, तर स्वस्त मिळाला की पाच-सहा एकदम फोडून आदोळीवर खवून घ्या, एका वेळेला लागतं तेवढं पिशवीत चपटं पसरून फ्रीझरला. चपटं अशासाठी की तेवढंच काढता येतं. लाइट गेली तर फ्रीझर उघडू नका, बंद ठेवला की तसाच तासन् तास थंड राहतो, सारखं उघडून बघत बसलं की वितळतं. पण ज्या गावात पावसात दिवस-दिवस लाइट नसते तिथे हा उपाय करू नका, अख्खा नारळच बरा.

सुकी मासळी: नाकाने घ्यायची

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद. ह्या दोन महिन्यांसाठी सुकी सुंगटां (कोळंबी), गालमो (बारीक जवळा), सुके बांगडे. बाजारात पाटीसमोर बसलात की विकणारी म्हणणार, "पळे गो बाय, कडक सुकल्यात." तिचं ऐका पण आधी मूठभर हातात घ्या. कोरडी सुंगटां मुठीत सळसळतात, दमट असतील तर गोळा होऊन चिकटतात. मग नाकाजवळ न्या. समुद्राचा, खारट वास ठीक, डोळ्यांत चुरचुरणारा वास आला तर सोडून द्या. तळाशी हात घालून बघा, वरचा माल वेगळा आणि खालचा वाळू मिसळलेला असतो कधीकधी. बांगड्यावर लालसर डाग दिसले तर तो बिघडायला लागलाय, घेऊ नका.

घरी आणली की लगेच डब्यात भरू नका. दोन दिवस कडक ऊन द्या, मांजराकडे लक्ष ठेवा, सुंगटांची डोकी-शेपट्या काढा, मंद तव्यावर कोरडीच भाजा, पूर्ण गार झाली की मगच घट्ट झाकणाच्या डब्यात. गरम भरली तर आत वाफ धरते आणि दहा दिवसांत सगळं खलास. जागा असेल तर दोन पिशव्यांत बांधून फ्रीझरला, शेजाऱ्यांचीही सोय. किसमूर करताना भाजलेली सुंगटां, खोबरं, कांदा, तिखट, चिंचेचा कोळ हे पानं वाढल्यावरच कालवायचं, आधी कालवलं तर सुंगटां नरम पडतात आणि मग त्याला किसमूर म्हणायचं तरी का.

बंदीच्या काळात ताजी मासळी अजिबात नसते असं नाही. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडच्या मासळीचे ट्रक येतात. २०१८ च्या जुलैत फॉर्मेलिनचं प्रकरण झालं तेव्हापासून लोक बाहेरच्या मासळीला बिचकतात, त्यात चूक काही नाही. कल्ले उघडून बघा, बोटाने दाबा, आणि मन मानत नसेल तर नदीतले शेवटे मासे, खेकडे, तिसऱ्यो (शिंपले) बघा. आठवड्यातून एकदा ताजं, बाकी सुकं, असं धरलं की बजेट बसतं.

पॅकेट वाचायची सवय

२०२२ च्या जुलैपासून पॅक करून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या तांदूळ, डाळ, पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. चांगल्या ओळखीच्या दुकानात सुटं घेतलं तर तेवढं वाचतं. तूप-लोण्यावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ वर आला, जुन्या एमआरपीचा डबा समोर ठेवला तर विचारा. तेलाची पिशवी लिटरची वाटते पण काही ७५०, ८०० ग्रॅमच्या असतात, लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पॅकेटवर ग्रॅममागे किंमत बारीक अक्षरात छापलेली असते, ती बघून तुलना करा, "ऑफर" हा शब्द बघून नको.

भरून ठेवायचं तर कोरडं ठेवायचं

मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बरण्या धुऊन उन्हात. डबा कोरडा दिसतो आणि झाकणाच्या खाचेत पाणी असतं, तिथूनच बुरशी सुरू होते. तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला, डाळीला एरंडेलाचा हात. प्रत्येक बरणीवर पट्टी लावून महिना लिहा. तिरफळं गेल्या वर्षीची असतील तर चुरडून वास बघा, वास नसेल तर बांगड्याच्या हुमणात घालून उपयोग नाही.

आणि सगळंच विकत घेऊ नका. पहिल्या पावसानंतर तायकिळो (टाकळा), कुड्डूक, अळूं, तेरें (रानअळू) असं घराभोवतीच उगवतं, बाजारात येणारा वांटाही स्वस्त असतो. तेऱ्याला आंबाडे किंवा चिंच घालायचीच, नाहीतर घसा खाजतो. फागलां (करटोली) मात्र श्रावणात महाग होतात, तेव्हा चार फागलांत फणसाच्या बिया घालून भाजी वाढवा. ह्या बिया मेमध्ये फुकट मिळतात, धुऊन वाळवून मातीत घोळवून ठेवल्या तर टिकतात.

पाहुणे आले की

इथे खरी परीक्षा. बोलावण्याआधी एक दिवस फोन करून विचारा, "उद्या मासळी चालते ना, की शिवराक?" विचारण्यात कमीपणा नाही. पापलेट तळून ठेवलं आणि समोरचा म्हणाला माझा गुरुवार, मग दोघांचंही तोंड बघण्यासारखं होतं.

मेनूत भारी वस्तू एकच ठेवा. तळलेली मासळी माणशी एक तुकडी, तीही चांगली जाड, आणि बाजूने सुक्या सुंगटांचं हुमण, किसमूर, एक पालेभाजी, सोलकढी. हे गरिबीचं पान दिसत नाही, उलट मुंबईहून आलेले पाहुणे किसमूरच परत मागतात. तीन प्रकारची मासळी करून सगळीच थोडी थोडी पुरवायची धडपड केली की स्वयंपाकघरात नुसती कुजबुज चालते, किती उरल्यात, किती उरल्यात.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते ती. पहिल्या पंगतीला पाहुणे आणि पुरुष, मग मुलं, आणि शेवटी घरच्या बायका, त्यांच्या वाट्याला कालवणाचा रस आणि तळणीच्या ताटलीतला रवा. सगळे म्हणतात आता असं राहिलं नाही, चवथीला (गणेशचतुर्थीला) किंवा जत्रेला कुठल्याही घरात जाऊन बघा. म्हणून तुकड्या मोजताना रांधणारीला आणि वाढणारीला धरून मोजा आणि त्यांच्या तुकड्या तळल्यावर आधी झाकून बाजूला काढा, पाहुणे बसायच्या आधी. काका दुसरी मागतील, तर नसेल तर नाही म्हणायचं, "काका, हुमण घ्या ना अजून," एवढं पुरतं. सगळ्यांना एकत्र बसवून भांडी मध्ये ठेवली तर उत्तमच, ज्याला हवं तो घेतो, टाकलं जात नाही.

केळीच्या पानावर वाढत असाल तर टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, मीठ-लोणचं-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मध्ये भाताची लहान मूद. लहान म्हणजे लहानच, पहिल्या वाढपातच डोंगर घातला की निम्मा पानात राहतो. आग्रह एकदा करा. दुसऱ्यांदा पानावर हात आडवा धरला तर तो हात बाजूला सारून वाढू नका, तो प्रेमळपणा आता पंचेचाळीस रुपयांच्या नारळाला परवडत नाही. आणि जेवणाऱ्यानेही वाढायच्या आधी "अर्धाच" म्हणून सांगावं, वाढून झाल्यावर कण्हत बसू नये. पानात काही टाकायचं नाही, मासळीचे काटे एका कडेला, वाढणारीला पुढच्या भांड्यांना जागा दिसली पायजे.

कुणाकडे जेवायला जाताना मिठाईचा खोका नेण्यापेक्षा परसातलं काही न्या. दोन असोले नारळ, आंबाड्यांची पिशवी, घरचं तिखट. घरमालकीण खोका बघून गोड हसते, पण नारळ बघून जे हसते ते वेगळं असतं.

चवथीआधी एकदा माळ्यावरचं सामान उतरवा

नेवऱ्या, मोदक, खतखतें, पातोळ्या ह्याला लागणारे नारळ जूनमध्येच वेगळे मोजून कोपऱ्यात ठेवा, त्यांना रोजच्या हुमणासाठी हात लावायचा नाही, कारण चवथीच्या आठवड्यात नारळ विकत घेणं म्हणजे माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या) बाजारात खिसा उलटा करणं. श्रावण लागायच्या आधी सुक्या मासळीचा डबा बघा, उरली असेल तर फ्रीझरमध्ये किंवा ज्यांच्याकडे श्रावण नाही त्या शेजारणीकडे. मग बरण्यांवरच्या पट्ट्या वाचत एक यादी काढा, काय संपलं, काय निम्मं राहिलं, काय उघडलंच नाही, आणि तो कागद मसाल्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. जे निम्मं राहिलं ते पुढच्या मेमध्ये निम्मंच घ्यायचं, आणि जे उघडलंच नाही ते घ्यायचंच नाही, बाजारातली बाय कितीही गोड बोलली तरी.